शेवट फोडला

हसणार नसाल तर सांगते. मी मराठीची एम.ए., आणि आमच्या चौथीतल्या ओमला पुस्तक दिसलं की तहान लागते. माझंच काहीतरी चुकतंय, असं सारखं वाटायचं.

एकदा रागावले, तर म्हणाला, "बाबा कुठे वाचतात? त्यांचं काय अडलंय?"

मग मी पेणच्या आत्याकडून समुद्री चाच्यांची कादंबरी आणली. ह्यांना म्हटलं, "शिफ्टवरून आलात की ओमसमोर नुसती उघडून बसा. वाचली नाय तरी चालेल."

पण हे खरंच वाचत बसले! रोज संध्याकाळी आमच्या वरसे गावच्या मैदानावर ओमला बॉलिंग टाकायचे, तेही बंद झालं. "थांब रे, जहाज बुडतंय," एवढंच उत्तर.

शेवटी ओमने पुस्तक पळवलं. दुसऱ्या संध्याकाळपर्यंत जिन्यात बसून सगळं संपवलं आणि बॅट घेऊन ह्यांच्यासमोर उभा राहिला.

"जहाज बुडत नाय. खजिना म्हाताऱ्या आचाऱ्याकडे असतो. झालं, चला आता."

हे चिडलेच. "अरे, शेवट कशाला फोडलास?"

"मग पुढचं पुस्तक आधी मी वाचणार," ओम म्हणाला. "तुम्ही लय वेळ लावता."