उजवीकडचं गोल बटण

ओसाकातल्या निप्पोनबाशी भागातल्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात मिनागावा दुरुस्तीच्या रांगेत उभी होती. तिच्या पुढे साठीचं एक जोडपं होतं. नवऱ्याने नवाकोरा कॉम्प्युटर तान्ह्या बाळासारखा छातीशी धरला होता.

"अहो, ठेवा की खाली!"

"फरशी गार आहे."

"तीस वर्षं टीव्हीखालच्या त्या व्हिडिओ गेमच्या डब्यावर खेळलात, तेच बरं होतं."

"आपली शिओरी साप्पोरोला गेल्यापासून कॉम्प्युटरवरच खेळते. मग मी काय करू?"

"तीन रविवार ती खेळायला बोलावतेय, तुम्ही जात नाही. काल फोनवर रडली. म्हणे, मी नोकरीसाठी लांब गेले याचा बाबांना अजून राग आहे."

"अगं, मी दर वेळी 'हो'च म्हणतोय! हे यंत्रच बिघडलंय."

त्यांचा नंबर आला. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "काका, 'हो' म्हणायला गेमच्या कंट्रोलरवरचं कुठलं बटण दाबता?"

"उजवीकडचं, गोल. तीस वर्षं तेच."

"जुन्या डब्याच्या उलट, कॉम्प्युटरवर 'हो' खालच्या बटणावर असतं. गोल म्हणजे 'नको'."

"म्हणजे तीन रविवार मी तिला…"

"थांबा, फोन लावते," म्हणत बायकोने फोन काढला. "शिओरी? अगं, तुझ्या बाबांनी चुकीचं बटण दाबलं. हो, एवढंच! …अहो, हसतेय ती. म्हणते, आत्ताच पुन्हा बोलावणं पाठवलंय."

"आत्ता? ताई, इथे प्लग कुठे आहे हो?"

मिनागावा पटकन बाजूला सरकली. प्लग तिच्याच मागे होता.