आवाज न करणारा कॅमेरा

येरमाळ्याच्या स्टँडवर माझ्या मागच्या बाकावर फोटोग्राफर शंभुलिंग आणि त्याचे गुंडप्पामामा बसले होते.

"नवा मिररलेस कॅमेरा कसा हाय रं?"

"लई भारी, मामा. पण फोटो काढला तरी आवाजच येत न्हाय."

"बरंच की!"

"कशाचं बरं? ईट गावच्या लग्नात नवरा-नवरी 'खटक' वाजायची वाट बघत तशीच उभी. मागं आहेरवाल्यांची रांग."

"तोंडानं वाजवायचं."

"वाजवलं. नवरदेवाचा बाप म्हणला, चेष्टा करतो का?"

"मग?"

"आता शिवप्रिया जुना कॅमेरा घेऊन शेजारी थांबती. म्या फोटो काढला, की ती खटक वाजवती."

"सूनबाई हुशार हाय."

"पण लोक तिच्याकडंच बघत्यात, मामा. माझ्या फोटोत सगळे तिरके."

"मग नव्याचा फायदा काय?"

"डोळे लई स्पष्ट येत्यात. मोठं करून बघितलं, तर प्रत्येकाच्या डोळ्यात शिवप्रिया उभी!"

"नवरीच्या बी?"

"नवरीच्या बी."

"आरं, मग तिला एक चांगली साडी तरी घे. समद्या गावांच्या अल्बमात ती जुन्याच साडीत हाय."