तीन म्हैनं बोलायचं न्हाय

तर पहिल्यांदा खटकलं ते डाळिंब. नाही, तुम्ही विचारलंत ना ताई, पहिलंच बाळंतपण का म्हणून, त्याचंच सांगतेय; सरळ हो किंवा नाही असं उत्तर असतं तर दिलं नसतं का. मी गॅलरीत विणत बसले होते आणि अक्का — अक्का म्हणजे माझ्या सासूबाई, आत्ता इथनं उठून शहाळं आणायला खाली गेल्या त्या — अक्का आल्या आणि माझ्यासमोर डाळिंबाच्या दाण्यांची वाटी ठेवली. सोललेले दाणे. या बाईंनी आजवर डाळिंब सोललं ते फक्त लेकासाठी, म्हणजे सम्मेदसाठी, माझ्या नवऱ्यासाठी. माझ्या वाट्याला डाळिंब यायचं ते सालासकट, "दाणं काढून डब्यात भरून ठेव" या निरोपाबरोबर. मी दचकले. मी तशी कशालाही दचकते, कुकरच्या शिट्टीला दचकते, स्वतःच्याच फोनला दचकते — आणि दचकले की माझ्या तोंडून 'हं' निघतं. लहानपणापासनं आहे ते. अक्का म्हणत होत्या, "मला कळलंय. गप खा." आणि मी म्हटलं, हं.

झालं की. त्या एका 'हं'वर आज मी इथं बायकांच्या डॉक्टरांच्या दारात बसल्येय.

काय विणत होते? हेच की, हे पिवळं टोपडं. बघा, हात लावून बघा, टोचत नाही लोकर. कुणासाठी? तीच तर गंमत आहे, कुणासाठीच नाही. सम्मेद कामाला लागला की दिवसभर मी घरात, एमएस्सी होऊन, आणि मन सैरभैर — तर मोबाईलवर एक क्लास सापडला, बाळांचे कपडे घरच्या घरी, झबली, टोपडी, पायमोजे. त्या मॅडम म्हणाल्या, विणल्यानं छातीतली धडधड कमी होते. मोठ्या माणसाचं स्वेटर मला झेपत नाही, बाही येईपर्यंत मी घाबरते की पुरेल का, बसेल का, आवडेल का. बाळाचं बरं असतं. दोन दिवसांत पायमोजा होतो, आणि घालणारं तक्रार करत नाही, कारण घालणारंच नाहीये. पुढं जमलं तर विकायचे असं डोक्यात होतं, पण घरात बोलायचं धाडस नाही, म्हणून कुणी आलं की मी सगळं उशीखाली सारायची. आता मला सांगा, लग्नाला दोन वर्षं झालेली सून पिवळं टोपडं विणत्येय आणि सासू आली की दचकून उशीखाली लपवत्येय — ह्याचा अर्थ काय निघतो? मी स्टॅटिस्टिक्स शिकल्येय हो. एका निरीक्षणावरनं निष्कर्ष काढू नये हे मी वर्गात उभं राहून शिकवू शकते. पण आमच्या राजारामपुरीत एक टोपडं पुरतं.

थांबा हं, परत लावून बघते. सकाळपासनं लावत्येय... वाजतोय... नाही उचलत. सम्मेद कोईमतूरला गेलाय, आमचं शाहूपुरीत पाण्याच्या पंपांचं दुकान आहे, कंपनीनं बोलावलंय सगळ्या दुकानदारांना, हॉलमध्ये बसवून मोटार दाखवतात म्हणे. मोटार काय पळून चाललीय का. पण फोन खिशात मुका करून ठेवला असणार.

सांगायचं ना मग सासूबाईंना, म्हणता तुम्ही. सांगायचंच होतं. पण ताई, तुम्हाला सातवा, तुम्हाला तरी माहीत असेल — तीन महिने बोलायचं नसतं. ही सगळी अडचण तिथंच आहे. आमच्या कोल्हापुरात माणूस रस्त्याच्या ह्या टोकावरनं त्या टोकाच्या माणसाला विचारतो, "काय पावणं, मूळव्याध बरी हाय का," आणि दोघांनाही काही वाटत नाही. पण ही एकच गोष्ट कुणी उघड बोलत नाही. त्यामुळं मला कुणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं. न विचारलेल्या प्रश्नाला नाही कसं म्हणायचं? दुसऱ्याच दिवशी मी हिंमत करून स्वयंपाकघरात गेले, म्हटलं, अक्का, मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय, तुम्हाला जे वाटतंय ना ते — तर त्यांनी पिठाचा हात माझ्या तोंडावर ठेवला. खरंच ठेवला, इथं, पांढरं उमटलं. "बोलायचं न्हाय. तीन म्हैनं बोलायचं न्हाय. भिंतीलाबी कान असत्यात. दृष्ट लागत्या." आणि मग स्वतःच पदरानं माझं तोंड पुसलं. दोन वर्षांत पहिल्यांदा.

खालच्या मजल्यावर आफशीनभाभी आहेत, ब्लाउज शिवतात, त्यांच्याकडं मी झबल्यांना बंद लावायला जाते, माझ्याकडं मशीन नाही. तिथं तरी स्पष्ट बोलावं म्हणून मी दार लावून सांगितलं, भाभी, तसं काही नाहीये हो. तर त्या मशीनवरनं मान वर न करता म्हणाल्या, "व्हय व्हय. आमीबी पैल्यांदा असंच म्हनलो." म्हणजे बघा, नाही म्हणणं हीच खूण झाली. खरोखर दिवस गेलेली बाई तीन महिने नाही म्हणते. न गेलेली काय म्हणणार, दुसरा शब्द आहे का तिच्याकडं? तोच नाही. आणि वर त्या मला बजावतात, मशीनवर बसू नको, पायडल मारायचं नाही, दे इकडं. माझी सगळी झबली तेव्हापासनं त्याच शिवून देतात. आणि त्यांच्या टेबलावर मला काय दिसलं माहितेय? अक्कांचं जांभळं सुती पातळ, धुऊन धुऊन सायीसारखं झालेलं, आणि त्यातनं कापलेली चार झबली. पहिलं झबलं नव्या कापडाचं घालायचं नसतं ना, जुनेरातलं घालतात. तर अक्का माझ्या मागनं चोरून येतात भाभींकडं, आणि मी अक्कांच्या मागनं चोरून जाते. एकाच घरात दोन बायका एका नसलेल्या बाळाचे कपडे शिवताहेत आणि एकमेकींपासनं लपवताहेत. भाभींनी दोघींसाठी दोन वेगळे कप्पे केलेत. कुणाला काही बोलत नाहीत. तीन महिने.

मग ते ग्रहण आलं. सकाळी उठून बघते तर घरात कात्री नाही. भाजीची सुरी नाही, नेलकटर नाही, माझ्या विणायच्या सुया नाहीत, अण्णांचं — सासऱ्यांचं हो — दाढीचं ब्लेडसुद्धा नाही, ते तसेच खुंट वाढलेले दुकानात गेले आणि जाताना माझ्याकडं बघून लाजले. आम्ही जैन, आमच्याकडं ग्रहणाचं एवढं कुणी पाळत नाही. मी म्हटलं तसं अक्कांना. तर म्हणाल्या, "राजारामपुरीत ऱ्हायाचं म्हंजी समद्यांचं थोडं थोडं पाळून असावं. काय जातंय." दिवसभर मला सरळ बसवून ठेवलं. मांडी घालायची नाही, काही मोडायचं नाही, काही चिरायचं नाही. पापड मोडायला गेले तर अख्खा तोंडात घाल म्हणाल्या. घातला की.

हसा, हसा तुम्ही. मीही हसत होते आतल्या आत.

आणि खरं सांगू — म्हणजे हे कुणाला सांगायचं नाही, तुम्ही उचगावच्या, आपली परत गाठ पडायची नाही म्हणून बोलत्येय — आमचं घर फार मोठ्यानं बोलणारं. अण्णा फोनवर हुबळीच्या माणसाशी बोलतात ते फोन न करताही ऐकू जाईल. दारं आपटतात, भांडी आपटतात, प्रेमानं बोलले तरी वाटतं भांडतायत. लग्न होऊन आले तशी मी रोज दचकत आल्येय. टाके सुटायचे माझे, पायमोज्याला भोकं पडायची. आणि डाळिंबानंतर अक्कांनी सगळ्यांना दम दिला, "आवाज बारीक. दचकंल ती." अण्णा टीव्हीचा आवाज इतका कमी करतात की बातम्या ओठांवरनं वाचतात. दारांना खाली कापडाच्या घड्या लावल्या. तव्यावरची पहिली भाकरी मला. दुपारी खोलीचं दार ओढून घेतात आणि दारावरची बेल काढून ठेवतात. ताई, मला माहीतच नव्हतं की ते घर हळू बोलू शकतं. येत होतं त्यांना. नुसतं कारण पाहिजे होतं.

म्हणून मी जरा... नाही, मुद्दाम नाही. मी रोज ठरवायची, उद्या सांगायचं. पण आज बेल नाहीये तर आज झोपून घेऊ, असं व्हायचं.

बाई गं — काय आदळलं? ट्रे होय. स्टीलचा ट्रे कशाला ठेवतात दवाखान्यात. बघा, सुटला टाका.

काय म्हणालात? खरंच नसेल कशावरनं? नाही हो, नाहीये. पक्कं नाहीये. बघितलंय की मी घरी. दोनदा. म्हणजे — मला माहीतच होतं, तारखा मला कळतात, तरी आपलं मेडिकलमधनं आणलं आणि बाथरूममध्ये नळ सोडून बघत बसले. मनात म्हटलं, आली दुसरी रेघ तर किती बरं, कुणाला काही सांगावंच लागणार नाही, सगळं आपोआप खरं होईल. एकच रेघ आली. दुसऱ्यांदाही एकच. आणि मला, हसाल तुम्ही, मला वाईट वाटलं. नव्हतंच तर वाईट कसलं वाटायचं? पण मी ते जांभळ्या पातळाचं झबलं बघितलं होतं ना. त्याच्या गळ्याला अक्कांनी हातानं टीप घातलीय, वाकडी, डोळ्याला दिसत नाही त्यांना नीट.

गूळ सोडलाय त्यांनी. हो, अक्कांनी. नवस. बाळ हातात येईपर्यंत गूळ तोंडात घालणार नाहीत. कोल्हापूरच्या बाईनं गूळ सोडायचा म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. विचारलं तर म्हणतात, दात दुखतोय. काल पुरणपोळ्या केल्या सगळ्यांना आणि स्वतः मिठाची भाकरी खाल्ली, आणि माझ्याकडं बघून अशा हसल्या की मी हातातला घास परत ताटात ठेवला. आणि आज सकाळी उठल्या उठल्या म्हणतात, "चल, जरा डॉक्टरीणबाईंना तोंड दाखवून येऊ." तोंड. म्हणजे दवाखान्यातसुद्धा शब्द उच्चारायचा नाही.

आता आत गेलं की डॉक्टर बोलणार. डॉक्टरांना कुठलं आलंय तीन महिने. त्या सोनोग्राफीच्या पडद्याकडं बघून सरळ म्हणणार, काही नाहीये इथं. आणि अक्का माझ्या शेजारी उभ्या, हातात शहाळं. ते मला बघवणार नाही. मला कुणी ओरडेल म्हणून नाही हो, ओरडले तर मी दचकेन, संपलं. त्या ओरडणार नाहीत, त्याची भीती वाटते. म्हणून सम्मेदला सांगायचंय. तो लेक आहे, त्याच्या तोंडावर त्या हात ठेवणार नाहीत. त्यानं फोन करून त्यांना आधी सांगायचं, आम्ही आत जायच्या आधी.

त्याला माहितेय का? तेच ना. अक्कांनी सांगितलं असणार, पण बजावून, बायकोशी बोलायचं नाही म्हणून. तो काही बोलत नाही. फक्त परवा फोनवर म्हणाला, "जिना हळू उतर." एवढंच. माझा नवरा, जो मला गाडीवर बसायच्या आत गाडी सोडतो, तो म्हणाला जिना हळू उतर. मी म्हटलं, हं.

वाक्य तयार करून ठेवलंय मी. फार मोठं नाही. 'सम्मेद, आपल्याला बाळ नाहीये.' बरोबर आहे ना? का 'नव्हतंच' म्हणू? 'नाहीये' म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटेल काहीतरी झालं, गेलं. 'नव्हतंच' म्हटलं तर मग इतके दिवस तू काय करत होतीस. दोन्हीत मीच सापडते. तुम्ही काय म्हटलं असतंत?

हो सिस्टर, मीच अपूर्वा. हो, माझाच नंबर, पण सासूबाई यायच्यात अजून, शहाळंवाल्याशी घासाघीस करताहेत असणार — तुम्ही ह्या ताईंना घ्या ना आधी. ह्यांचा नंबर अजून लांब आहे? मग मधल्यांना घ्या. कुणालाही घ्या. दोन मिनिटं फक्त.

लावते परत. आता नाही उचलला तर मी आत जाऊन डॉक्टरांनाच सांगते, अक्कांना बाहेर थांबवा — नाही, त्या थांबणार नाहीत... वाजतोय. ताई, जिन्यात चप्पल वाजत्येय का कुणाची? अक्कांचीच वाटते. वाजतोय, वाजतोय... उचल रे बाबा...

हॅलो. सम्मेद. थांब, एक सेकंद थांब, ठेवू नको. — ताई, राग मानू नका हं, पण तुम्ही जरा त्या पलीकडच्या खुर्चीवर बसता का? नवरा-बायकोचं बोलणं आहे, परक्या माणसासमोर कसं बोलायचं.