आजोबांचा टर्बाइनचा तास

कान ठणकत होता, तरी कानाच्या दवाखान्यातल्या बाकावर बसलेल्या शिंपीणबाईंना शेजारचं म्हातारं जोडपं स्पष्ट ऐकू येत होतं. आजोबा ओरडूनच बोलत होते आणि आजी त्यांच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन.

"काल नातीच्या वर्गाला वीज कशी होते ते अगदी घोटून शिकवलं मी. उंचावरून पाणी पडतं, टर्बाइन फिरतं."

"शेजारचे दोन वर्गही शिकले. तिथल्या बाईंना गणित थांबवावं लागलं."

"पॉवरहाऊसमध्ये पस्तीस वर्षं असंच बोललो. कान शाबूत आहेत माझे."

"मग पोरांनी काय काय विचारलं?"

"चांगले प्रश्न होते."

"कोणते?"

"चांगलेच होते."

"नात सांगत होती. आजोबा, पॉवरहाऊस दाखवाल? तुम्ही मान हलवलीत. सगळ्या वर्गाला? हलवलीत. टर्बाइन आम्ही बंद करून बघू? तेव्हाही हलवलीत."

"बंद कसं करू देतील?"

"ते आता तुम्हीच सांगा त्यांना. शुक्रवारची बस ठरलीय."

आजोबा आजींकडे वळले. मग इतक्या हळू बोलले, की शिंपीणबाईंना पुढे वाकावं लागलं.

"डॉक्टरांना विचार, कानाला मशीन लावलं की टर्बाइनचा आवाज येईल ना?"

"का हो?"

"मागच्या खेपेला पॉवरहाऊसमध्ये गेलो, तर मला वाटलं बंदच आहे. बाहेर येऊन पाणी उसळताना बघितलं, तेव्हा कळलं, चालू आहे."