नाटकाले ये

आईने फोनवर ‘नाटकाले ये’ म्हटलं, म्हणून दिव्यानी नागपूरहून सुट्टी काढून निघाली आणि सावली तालुक्याच्या एसटी स्टँडवर आपल्या गावच्या गाडीची वाट पाहत बसली. मागच्या बाकावर दोन म्हातारी माणसं मोबाइलवर टीव्हीची जुनी मालिका लावत होती.

“बायनाबाई, या मालिकेत भागाच्या नावातच सारी गोष्ट लपून राह्यते. मागच्या भागाचं नाव होतं ‘उन्हाळ्यातली छत्री’. निंगाली का छत्री?”

“नाई. जावई निंगाला.”

“मंग! सासऱ्याच्या डोक्यावर सावली धरून त्याच्याच वावराकडं पाहून राह्यला होता.”

“आजच्याचं नाव काय हाय, सोमाजीभाऊ?”

“‘पाव्हणे नाटकाले आले’. सांगा, याच्यात काय लपलं?”

“याच्यात काय लपते, भाऊ? आपल्या झाडीपट्टीत मंडईच्या जत्रेतल्या नाटकाले पाव्हणे का नाटक पाहाले येतेत? पोरगी पाहाले येतेत.”

“अन् पोरीले माहीत राह्यते?”

“तिले कोण सांगते! तिले म्हंतेत, नाटक लई भारी हाय, सुट्टी काढून ये.”

“बस?”

“अन् येतानी एक बरी साडी घेऊन ये.”

दिव्यानीने मांडीवरची पिशवी खाली ठेवली आणि फोन लावला.

“आई, नाटकाचं नाव काय हाय वो?”

“नाव? नाव घेऊन काय करतं तू? साडी आणली ना?”

मागून आवाज आला, “चूप बसा आता, बायनाबाई. भाग सुरू झाला.”