अति चुना आणि शांताबाईंचा प्रश्न

आदरणीय अध्यक्ष काशीनाथराव, व्यासपीठावर विराजमान उद्योजिका हंसाबेन, आजच्या सत्कारमूर्ती आणि आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख संपदाताई केळुसकर, कोळीवाड्यातून मुद्दाम आलेल्या शांताबाई व त्यांच्या मैत्रिणी, हाटकेशच्या प्रयोगशाळेतील माझे सहकारी आणि भाईंदर पश्चिमेच्या या सभागृहात पंखे बंद असूनही प्रसन्न दिसणाऱ्या सुजनहो,

अध्यक्षांनी मला बोलण्याची अनुमती देताना एकच अट घातली: रासायनिक समीकरण नको. अट मान्य आहे. परंतु ताईंचा गौरव करायचा आणि राखेविषयी बोलायचे नाही, हे कसे जमावे?

कचरा भट्टीत जाळला की धुरासोबत एक बारीक राख उडते. ती गाळून पकडतात. तिच्यात शिसे असते, कॅडमियम असते. ही राख उघड्यावर टाकली, तर पाणी तिच्यातून ते धातू हळूहळू काढून घेते. चहाच्या पुडीतून रंग उतरतो ना, अगदी तसे. म्हणून राखेवर चुना आणि सिमेंटचा संस्कार करतात आणि मग तपासतात, की आता काही पाझरते का? हे तपासणे म्हणजे संपदाताईंचे आयुष्य.

हंसाबेन अशा राखेच्या लाद्या बनवतात. शांताबाईंच्या कोळीवाड्यात जवळा, म्हणजे बारीक कोळंबी, सुकवण्याचे खळे उखडले होते. हंसाबेनने उदारपणे सांगितले, "लादी मी देते, फुकट!" हंगाम तोंडावर आला होता. उरली होती फक्त चाचणीच्या अहवालावर ताईंची सही.

नमुना आला. शिसे पाझरले. ताईंनी सही केली नाही.

हंसाबेनने काय केले असेल? चुना वाढवला. शिसे अधिक पाझरले! मग त्यांनी आणखी वाढवला. आता तर अहवाल पाहून आमच्या प्रयोगशाळेतल्या नीलमने यंत्रच बिघडले असे जाहीर केले. हंसाबेन तावातावाने प्रयोगशाळेत आल्या. "मॅडम, इतना चूना डाला, और कितना डालू? पूरी दिवाल पोतून झाली असती इतक्यात!"

ताई शांतपणे म्हणाल्या, "बेन, विडा खाता ना? चुना बेताचा असला तर रंगतो. जास्त झाला तर?"

"जीभ भाजते."

"शिशाचंही तसंच. चुना कमी, तर ते पाण्यात उतरतं. बेताचा, तर गप्प बसतं. अति झाला, की पुन्हा उतरतं. त्याला दोन्ही टोकं आवडतात."

सुजनहो, या विषयावर मी अनेक व्याख्याने दिली आहेत. एका विड्यात ती सारी गुंडाळली गेली.

"मग आता काय करू?" हंसाबेनने विचारले.

"काही नाही. चुना बेताचा ठेवा, माल शिंपडून हवेत पसरा आणि थांबा. हवा चुन्याचा तिखटपणा उतरवते."

हंसाबेन माझ्याकडे वळल्या. "अरे भाई, फी घेऊन काहीच करू नका म्हणून सांगते, असली मॅडम मी पहिल्यांदा बघतेय!"

पण त्या थांबल्या. याबद्दल एकदा त्यांच्यासाठी टाळ्या व्हाव्यात. पुढचा नमुना चाचणीत उत्तीर्ण झाला. हंसाबेनने पेढे आणले, आम्ही ते खाल्ले, ताईंनी पेनाचे टोपण काढले. आणि नेमक्या त्याच वेळी शांताबाई दारात उभ्या.

"बाय, पास झाला काय?"

"झाला, शांताबाई."

"बेस झाला. आता एक सांग. तू तुज्या घरचा जवला या लादीवर सुकवशील का न्हाय?"

ताईंनी टोपण परत लावले.

अहवाल खरा होता. परंतु चाचणीचे पाणी निराळे आणि खळ्यावरचे निराळे. तिथे ओल्या मासळीचे खारे पाणी, वरून रोजचा खराटा, आणि खरवडून निघणारी धूळ थेट जेवणात. चाचणीला हे कोणी विचारलेच नव्हते. ताई म्हणाल्या, "नाही. मी सुकवणार नाही." आणि अहवालावर त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिले, 'वाहनतळासाठी योग्य, अन्नाच्या संपर्कासाठी नाही.'

"अरे, पेढे खाऊन असं?" हंसाबेन उद्गारल्या.

त्यावर शांताबाई म्हणाल्या, "बेन, तुमच्या लाद्यांवर गाड्या सुकवा!"

आज त्या लाद्या हंसाबेनच्या गोदामासमोर आहेत, आणि कोळीवाड्याच्या खळ्यावर हंसाबेनने साधी दगडी फरशी बसवून दिली आहे, तीही फुकट. मोठेपणा आणखी कोणता असतो?

मघाशी, समारंभ सुरू होण्यापूर्वी, शांताबाईंनी ताईंच्या हातात नव्या हंगामाच्या जवळ्याची पिशवी ठेवली. ताईंचे डोळे भरून आले. त्यांनी पिशवी छातीशी धरली आणि विचारले, "खाली काय अंथरलं होतं?"

"जुना जाल, त्याच्याखाली फरशी," शांताबाई म्हणाल्या. "आता तरी कर सही!"

ताईंनी पिशवीवर सही केली. मी साक्षीदार आहे.

अध्यक्ष महाराज, समीकरण एकही सांगितले नाही, याची नोंद घ्यावी. आपण सर्वांनी सहनशीलतेने ऐकून घेतलेत, त्याबद्दल ऋणी आहे. कोणाला मान द्यायचा राहिला असेल, शब्द वावगा गेला असेल किंवा विषयाच्या ओढीने वेळेचे भान सुटले असेल, तर ते मोठ्या मनाने पदरात घ्यावे.