निवडुंगाला काठीचा आधार

डोळ्यांत औषध घालून नर्सने बजावलं होतं, "अर्धा तास डोळे उघडायचे नाहीत." म्हणून निवृत्त पोस्टमास्तर आपली काठी शेजारच्या खुर्चीला टेकवून नुसते ऐकत बसले. पलीकडे नणंद-भावजय बोलत होत्या.

"वहिनी, आणलीत ना वेल-निवडुंगाची फांदी?"

"त्या काठीजवळच्या खुर्चीवर ठेवलीय, पेपरात गुंडाळून. कापून आठ दिवस सुकवलीय. आता खुशाल मातीत लावा."

"आणि चढवायला तुमच्याकडची बाबांचीच काठी नेऊन रोवते. तेवढीच त्यांची आठवण."

"नको हो ताई! मी तेच करून बसले. महिन्याभरात मुळं फुटली आणि काठी घट्ट धरली. अगदी बाबा धरायचे तशी."

"अहो, त्या वेलाला हवेतही मुळं फुटतात."

"फुटू देत की! पण गच्चीतली कुंडी रोज सकाळी एक पायरी खाली उतरलेली. परवा बाबांच्या खोलीच्या दाराशी."

"दादाने सरकवली असेल."

"ते महिनाभर परगावी आहेत."

"मग काठी काढून घ्यायची!"

"घेतली. जाळून टाकली. तेव्हापासून ही फांदी सारखी चाचपडतेय. म्हटलं, तुम्ही त्यांच्या लाडक्या, तुमच्याकडे तरी..."

"नको गं बाई! राहू दे ती तिथेच. चला, उठा आधी!"

चपला घाईने वाजल्या. दार आपटलं.

"पोस्टमास्तर, आत या," नर्सची हाक आली.

शेजारी पेपर सळसळला. त्यांनी डोळे मिटूनच हात लांबवला. काठीची मूठ हाताला लागली, पण ती आधीच कोणीतरी धरलेली होती.